पायांनी मागितलेले दान

मागणाऱ्याचा हात नेहमी देणाऱ्याच्या हाताखाली असतो. म्हणूनच स्वाभिमानी माणसाला मागण्यापेक्षा उपास बरा वाटतो. पण दुसऱ्यासाठी मागायचे असेल तर? त्यासाठी माणसाने एक युक्ती शोधून काढली आहे. हात पुढे करण्याआधी तो पाय पुढे टाकतो!

2004 साली मुंबईत मॅरेथॉन सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी लोक तिथे एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी निधी जमवीत धावले आहेत. पूर्ण शर्यत 42.195 किलोमीटरची. तिची तयारी चार-चार महिने चालते. आमच्या यवतमाळातही पहाटेच्या थंडीत असा सराव करणारी तरुण मंडळी मला दिसतात. आठवड्यागणिक अंतर थोडेथोडे वाढवायचे, एक दिवस लांबवर धावायचे, एक दिवस विसावा घ्यायचा. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर संपत येते, पाय शिशाचे होतात. पुढची वाट सरावाच्या पुण्याईवरच काटायची.

हे पाहून एखादा व्यवहारी गृहस्थ म्हणतो, ‘अहो, पैसेच हवेत तर सरळ मागा ना! तुमच्या घामाने कुणाचा आजार बरा होणार आहे?’

प्रश्न खोटा नाही. पण 1951 साली विनोबा आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून पायी निघाले, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पोचले. पुढे तेलंगणात हिंडताना 18 एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. ते मोटारीतून उतरले असते, तर ही जमीन मिळाली असती का? 1980 साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण एक पाय कृत्रिम असताना कर्करोगाच्या संशोधनासाठी 143 दिवस धावला. त्याच्यामागून लोकांचे पैसे आपसूक आले. मागणारा स्वतःचे काहीतरी आधीच देऊन बसला आहे, हे दिसले की देणाऱ्याची मूठ सैल होते. त्या गृहस्थाला माझे उत्तर एवढेच.

तरी माझे मन इथे थांबत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधून बाई सकाळपासून उन्हात वाकून चालत असते. बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात. संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो आणि किलोच्या हिशेबाने मजुरी मिळते. तिच्या दमण्यावर कोणी देणगी लावीत नाही! हौसेने पत्करलेल्या कष्टांना आपण तप म्हणतो. नशिबी आलेल्या कष्टांना नुसते काम.

या दोहोंच्या सीमेवर मला लता भगवान करे उभ्या दिसतात. साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या, आणि वयस्कांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचाराला पैसे हवे होते, बक्षिसाची रक्कम दिसत होती. त्या जिंकल्यावर सारा महाराष्ट्र हळहळला, मदतीला धावला. पण त्यांना धावावे लागण्यापूर्वी आपण सारे कुठे होतो?

म्हणून धावणाऱ्यांना मी हसत नाही. तिसाव्या किलोमीटरला त्यांचे पाय जेव्हा नको म्हणतात, तेव्हा रोज नको म्हणणारे पाय ओढीत जगणाऱ्यांची त्यांना क्षणभर तरी ओळख होत असेल. एवढी ओळख घेऊन ते परतले, तर जमलेल्या निधीइतकेच तिचे मोल आहे. नाहीतर गळ्यातले पदक तेवढे उरायचे.

तेव्हा वाचकहो, एखादा धावणारा तुमच्या दारी आला, तर त्याला विन्मुख पाठवू नका. पण त्याच दिवशी घरी राबणाऱ्या किंवा शेतात वेचणाऱ्या बाईशी चार रुपयांसाठी घासाघीसही करू नका. दान द्यायला मन मोठे लागते. पण कुणाचे देणे पुरते चुकवायला ते त्याहूनही मोठे लागते, असे मला वाटते.