चावी मागण्याची तालीम

कॅलिफोर्नियातल्या अनेक हायस्कुलांत प्रॉमची पार्टी जवळ आली की एक नाटक होतं. वर्ग चालू असताना काळा झगा घातलेला मृत्यू दारात येतो आणि एका विद्यार्थ्याला उठवून नेतो. पाठोपाठ पोलीस येतो आणि त्या मुलाचा मृत्युलेख वाचतो. तो बहुधा त्याच्याच आईवडिलांनी लिहिलेला असतो. थोड्या वेळाने तोच मुलगा तोंडाला पांढरा रंग फासून परत येतो आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही. शाळेबाहेर चेपलेल्या गाड्या, खोटं रक्त, पत्रा कापून 'जखमींना' बाहेर काढणारे खरेखुरे अग्निशमन जवान. 'प्यायलेल्या' ड्रायव्हरला बेड्या पडतात. 'मेलेली' मुलं रात्र घरापासून लांब काढतात आणि आईवडिलांना न सांगितलेल्या गोष्टी पत्रात लिहितात. दुसऱ्या दिवशी ती पत्रं सगळ्या शाळेपुढे वाचली जातात. मुलांनी दारू पिऊन गाडी चालवू नये म्हणून हायवे पॅट्रोल, शाळा आणि पालक मिळून चालवत असलेल्या या कार्यक्रमाचं नाव 'एव्हरी फिफ्टीन मिनिट्स'.

नाटक म्हणून याला दाद द्यायलाच हवी. शेजारच्या बाकावरचा मुलगा 'मेला' की पंधरा-सोळा वर्षांचं पोर हादरणारच. पण हादरवण्याची चटक लागते. २००८ साली ओशनसाइड गावच्या एल कॅमिनो हायस्कूलमध्ये पोलिसांनी वर्गावर्गांत जाऊन सांगितलं, की तुमचे काही सोबती अपघातात गेले. मुलं धाय मोकलून रडली. हे सगळं खोटं होतं हे त्यांना काही तासांनी कळलं आणि रडण्याची जागा संतापाने घेतली. शाळेने मात्र या प्रकाराचं समर्थन केलं. ज्या प्रेक्षकाला आपण प्रेक्षक आहोत हे ठाऊकच नाही, त्याच्यापुढे केलेल्या प्रयोगाला मी नाटक म्हणणार नाही. ती फसवणूक झाली. शिवाय पुढच्या वेळी पोलीस खरी बातमी घेऊन आले तर?

आपल्याकडे हाच मृत्यू यमराज होऊन सिग्नलवर उभा राहतो. रस्ता सुरक्षा अभियानात मुकुट आणि गदा घेऊन तो बिनहेल्मेटवाल्यांना अडवतो. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. रेडा नसल्यामुळे असेल, पण त्याला फारसं कुणी घाबरलेलं दिसत नाही.

अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवण्यामुळे १९८२ साली सुमारे २१,००० माणसं मेली. २०११ साली हा आकडा दहा हजारांच्या आत आला होता. या उताराचं श्रेय नाटकांना देता येत नाही. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने दारू विकत घेण्याचं वय २१ करायला राज्यांना भाग पाडलं, नाही तर महामार्गाचा निधी कापला जाणार होता. पुढे एकविसाच्या आतल्या ड्रायव्हरच्या रक्तात जवळजवळ थेंबभरही दारू चालणार नाही असे नियम सगळ्या राज्यांत आले. हे काम कायद्याने केलं. मग नाटकाने करायचं काय?

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. दिवा पिवळा झाल्यावर किती पुढे दामटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मित्र शेजारी बसले की कुमारवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे स्टिअरिंगवरचा सतरा वर्षांचा मुलगा आधीच रंगमंचावर उभा असतो आणि त्याचे प्रेक्षक मागच्या सीटवर असतात. त्याला मरणाची भीती असेलही, पण मित्रांसमोर पचका होण्याची भीती मोठी असते.

हे आपल्याला राम गणेश गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय. 'एकच प्याला'तल्या सुधाकरच्या हाती पेला येतो तो तळीरामाकडून, म्हणजे अगदी जवळच्या, काळजी करणाऱ्या माणसाकडून. मित्र रामलालची भाषणं त्याला सावरू शकत नाहीत. त्याची बायको सिंधू हिच्या हालांनी थिएटर रडायचं आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाला टाळ्या पडायच्या. आजही नाटकाची आठवण काढणारे तळीरामाचेच विनोद आधी सांगतात. मंडळ कसं जमतं आणि त्यातून उठून जाणं किती अवघड असतं, हे तिथे दिसतं.

म्हणून मला रक्ताळलेल्या गाडीपेक्षा हार्वर्डच्या जे विन्स्टन यांची खटपट जास्त हुशार वाटते. १९८८ पासून त्यांनी हॉलिवूडच्या लेखकांना गाठून मालिकांमध्ये नुसती एकेक ओळ घालायला लावली. 'चीअर्स'सारख्या लोकप्रिय मालिकेतलं पात्र जाताजाता म्हणून जायचं, की आज गाडी मी चालवणार आहे, मला नको. त्यात उपदेश नव्हता, मढंही नव्हतं. नकार द्यायला लागणारं वाक्य मात्र मुलांच्या कानावर पडलं.

शाळेच्या सभागृहात याहून पुढे जाता येईल. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक 'थांबा' म्हणतो, नटाला बाजूला करतो आणि स्वतः तो प्रसंग करून पाहतो. पार्किंगचा प्रवेश घ्या.

'चावी दे.'
'अरे, दोनच बिअर झाल्यात.'
'दे म्हणतो ना!'
'तू कोण माझा बाप?'

बाकीचे हसतात आणि चावी मागणारा गप्प होतो. इथे 'थांबा'. पुढची येते, हिसकावून बघते आणि भांडण होतं. तिसरा त्याला बाजूला घेऊन म्हणतो, माझं पोट बिघडलंय, मला लवकर घरी जायचंय, चालवतो मीच. यात मित्राची लाज राखली जाते. हे शहाणपण भाषणातून येत नाही, चार वेळा फसूनच येतं.

या प्रवेशात एक पात्र नेहमी गैरहजर असतं, ते म्हणजे घरचा मोठा माणूस. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि त्यावर देशभर संताप उसळला. निबंधाची चेष्टा रास्त होती. पण त्या रात्री गाडी आणि दारू त्याच्या हाती येईपर्यंत मोठी माणसं कुठे होती, हा प्रश्न थोड्याच दिवसांत कोर्टकचेरीच्या बातम्यांखाली गेला.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९८१ साली रॉबर्ट अनास्तास या शिक्षकाने मुलं आणि पालक यांच्यात एक करार सुचवला होता. मुलाने अडचणीत फोन करायचा, पालकाने कितीही वाजता न्यायला यायचं आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. आपल्याकडे हा करार कागदावर सोपा आणि घरात महाकठीण आहे. पिणंच लपवायचं असल्यावर फोन कोण करणार? त्यापेक्षा पोरगं हेलपाटत स्कूटर काढेल. म्हणून हा प्रवेश पालकसभेत लावावा. रात्री एक वाजता फोन वाजतो, वडील तो उचलतात. पहिल्यांदा प्रत्येकाने आपापली भूमिका करायची. मग अदलाबदल करून वडिलांनी पार्किंगमध्ये उभं राहून नंबर लावायचा आणि मुलाने झोपेतून उठून 'हॅलो' म्हणायचं.