तोहमत आणि साक्ष

खोट्या आळापासून स्वतःला कसे जपावे, या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती उपदेशकांनी बहुधा स्वतःच्या अब्रूच्या अंगाने केला आहे, आणि त्याला पौलाचा आधारही आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी करिंथ येथे जमणारी वर्गणी आणविताना त्याने आपला सहकारी तीत याच्या सोबतीला मंडळ्यांनी निवडलेला, सर्वांच्या विश्वासातला आणखी एक बंधू दिला, तो एवढ्याचसाठी की, पैशाच्या बाबतीत कोणाला बोट दाखविण्यास जागा राहू नये. परोपकाराचा पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही खबरदारी घेतलीच पाहिजे. मात्र ज्याच्यापाशी दप्तर आहे, हिशेब आहे आणि ज्याच्या वतीने बोलणारा प्रतिष्ठित माणूस आहे, त्याच्याच ती उपयोगाची.

मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात रेट्याखेडा येथे ३० डिसेंबर २०२४ रोजी एका वृद्ध आदिवासी स्त्रीवर जादूटोण्याचा आळ घेऊन तिला बांधून मारहाण करण्यात आली, चटके देण्यात आले आणि चपलांची माळ घालून तिची धिंड काढण्यात आली, अशी फिर्याद आहे. या स्त्रीने कोणते दप्तर रुजू करावे? चोरीचा आळ झडतीने खोटा ठरू शकतो. परंतु अमक्याच्या नजरेने दुखणे आले, या आरोपाला ना स्थळ, ना वेळ, ना मुद्देमाल, म्हणून निर्दोषत्वाचा पुरावा आणावा तरी कोठून! अशा वेळी आरोपीला सावधगिरी शिकविणे व्यर्थ आहे. पहारा बसवावयाचा तो आरोप करणाऱ्याच्या जिभेवर.

मोशेच्या नियमशास्त्राने तो तेथेच बसविला आहे. एकट्या साक्षीदाराच्या जबानीवर कोणाचाही अपराध शाबीत होऊ नये, न्यायाधीशांनी कसून तहकिकात करावी आणि साक्ष खोटी निघाल्यास, आरोपीला जी शिक्षा व्हावी असे साक्षीदाराने योजिले होते तीच त्याला भोगावयास लावावी, असे बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. यातील तहकिकातीचे कलम फार मोलाचे आहे, कारण साक्षीदारांच्या निव्वळ संख्येने न्याय होत नाही. नाबोथाचा द्राक्षमळा बळकावण्यासाठी ईजबेल राणीने दोन साक्षीदार उभे केले होते, संख्येचा नियम तंतोतंत पाळला गेला होता, आणि तरीही एक निरपराध मनुष्य दगडांखाली मेला. जेथे अवघे गाव एका तोंडाने बोलते पण प्रत्यक्ष पाहणारा एकही नसतो, तेथे शंभर तोंडांची किंमत एका साक्षीइतकीही नाही.

ही गोष्ट ख्रिस्ती जगच विसरले, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. युरोपात चेटकिणींच्या खटल्यांत हजारो स्त्रिया जाळल्या गेल्या, आणि त्यांचा कबुलीजबाब वेदनेच्या यंत्रातून काढलेला असे. मृत्युदंड झालेल्या अशा स्त्रियांना अखेरचा धीर देणारा फ्रेडरिक श्पे हा जर्मन जेझुइट धर्मगुरू त्यांच्या निर्दोषत्वाविषयी निःशंक झाला, आणि १६३१ मध्ये त्याने आपले नाव न घालता एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्याचे म्हणणे असे की, या छळापुढे न्यायाधीश आणि धर्मगुरूही स्वतःला चेटके म्हणून कबूल करतील. पुढे १६३५ मध्ये ट्रिअर येथे साथीने आजारी पडलेल्या सैनिकांची शुश्रूषा करताना तो वारला. खोट्या आरोपाविषयीचा ख्रिस्ती विचार माझ्या मते या माणसाच्या ठायी सर्वांत उंच गेला, कारण त्याने जपली ती दुसऱ्याची अब्रू.

येशू पिलातापुढे मौन राहिला, हा दाखला देऊन पीडितालाच मुकाट राहण्याचा उपदेश करणे मात्र मला अन्यायाचे वाटते. प्रमुख याजकापुढे थप्पड बसली तेव्हा, माझे बोलणे चुकीचे असेल तर तसे सिद्ध करा, असे येशूनेच म्हटले होते. आणि रोमी सुभेदार फेस्त याच्यापुढे उभ्या असलेल्या पौलाने कैसराकडे दाद मागितली होती. क्षमा करणे म्हणजे फिर्याद मागे घेणे नव्हे.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अपराधास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद ठरवितो, परंतु कायदा पोहोचतो तो बहुधा धिंड निघून गेल्यावर. मेळघाटातील ख्रिस्ती बांधवांना, आणि अन्य वाचकांनाही, माझी विनंती एवढीच आहे की, कोणा म्हातारीविषयी कुजबुज कानी येताच, हे प्रत्यक्ष कोणी पाहिले, असे त्यांनी चारचौघांत मोठ्याने विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्या दारापुढून हलू नये.