घराची यादी आणि लक्कम्मांचे तांदूळ



दान आणि दासोह हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. वास्तविक त्यांत मोठे अंतर आहे. दानात देणारा वरच्या पायरीवर उभा असतो व घेणारा खालच्या. देणाऱ्याला पुण्याची आशा असते, घेणाऱ्याच्या वाट्याला उपकाराचे ओझे येते. दासोहात देणारा स्वतःलाच दास म्हणवतो. जे आहे ते समाजाचे आहे, मी केवळ वाढपी आहे, ही त्यामागची भावना. म्हणून दासोहात जेवणाऱ्याची मान खाली जात नाही.

हा विचार पंगतीपुरता ठेवायचा की गावच्या पंचायतीपर्यंत न्यायचा, हा आजचा प्रश्न आहे.

सीमाभागातील एका भक्ताने मध्यंतरी विचारले, “स्वामीजी, आमचे सिमेंटचे घर आहे, पण ते वडिलांच्या नावावर. माझे रेशन कार्ड वेगळे असल्यामुळे पंचायतीच्या घरांच्या यादीत माझे नाव आले आहे. सरकारचाच पैसा आहे. मी नाही घेतला तर दुसरा घेईल. यात पाप कसले?”

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट शोधले पाहिजे.

प्रथम, हा पैसा कोणाचा? बेघरांना घर देण्याचे काम देशात जुने आहे. 1985 साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. तीत सपाट प्रदेशातील कुटुंबाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते. शिवाय कर्नाटक राज्याची बसव वसती योजना आहे. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्याजोग्या 29 विषयांची जी सूची राज्यघटनेला जोडली, तीत ग्रामीण गृहनिर्माण हा एक विषय आहे. हा सारा पैसा करातून येतो, आणि कर फक्त श्रीमंत भरत नाही. झोपडीतील विधवा काडेपेटी व साबण विकत घेते, तेव्हा तिचाही पैसा त्या तिजोरीत पडतो. म्हणजे हे घर अध्यक्षांची कृपा नव्हे, सदस्याची मेहेरबानी नव्हे आणि पीडीओ साहेबांचा उपकारही नव्हे. हा सर्वांनी मिळून मांडलेला दासोह आहे.

येथे कोणी म्हणेल, “मठाच्या पंगतीत कोणाला दाखला विचारत नाहीत, मग घराच्या यादीत का विचारावा?” शंका रास्त आहे. पंगतीत मी आणखी एक पोळी घेतली तर शेजारचा उपाशी राहत नाही. तवा तापलेला असतो, दुसरी पोळी येते. घरांचे तसे नाही. पंचायतीला वर्षाला ठराविकच घरे मंजूर होतात. दहा घरे आली आणि त्यांतील एक गरज नसलेल्याने घेतले, तर अकरावे कुटुंब आणखी एक पावसाळा गळक्या पत्र्याखाली काढते. तेव्हा ‘मी नाही घेतले तर दुसरा घेईल’ हे वाक्य उलटे करून वाचावे. मी घेतले म्हणून कोणाला तरी मिळाले नाही. पाप शोधायचे ते तेथे.

आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे शरण दांपत्य आपणा सर्वांना परिचित आहे. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते शिजवले नाहीत. गरजेपेक्षा जास्त आणलेले परत टाकून यायला त्यांनी पतीला माघारी पाठवले. हे तांदूळ चोरीचे नव्हते, कोणी हिशेबही मागितला नव्हता. तरीही लक्कम्मांनी मोजले. या कथेत तपासणारा अधिकारी नाही, ही ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. जेथे घरातील माऊली स्वतःच माप धरते, तेथे बाहेरच्या चौकशीला फारसे काम उरत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांना महापूर आला. पूर्ण कोसळलेल्या घराला 5 लाख रुपयांची मदत जाहीर झाली आणि पडझडीप्रमाणे घरांची वर्गवारी झाली. अशा वेळी भेगाळलेली भिंत कोसळली म्हणून लिहून देण्याचा मोह होतो. लक्कम्मांची खरी परीक्षा अशाच दिवशी असते.

मात्र चौकशी हवी याचा अर्थ गरिबाला हेलपाटे घालायला लावावेत असा नाही. पात्रता पाहावी. जात, मत आणि पक्ष पाहू नये. उतारा नाही, जागा नावावर नाही, अर्ज लिहिता येत नाही, म्हणून खरा गरजू मागे राहतो आणि कागद जमवणारा पुढे जातो. काही योजनांत पाया भरून त्याचा फोटो चढवल्याशिवाय पहिला हप्ता सुटत नाही. ज्याच्याकडे पायाचेच पैसे नाहीत, त्याने काय करावे? येथे शेजाऱ्यांचे कायक सुरू होते. शेतात इर्जिक करतो तसे चार दिवस पाया खणू लागावे. वीट-वाळूसाठी हातउसने द्यावे आणि त्यावर व्याज लावू नये. जी विधवा लाजेपोटी ग्रामसभेला येत नाही, तिचे नाव दुसऱ्याने उभे राहून सांगावे. आपण ग्रामसभेला जात नाही आणि नंतर कट्ट्यावर बसून यादीला नावे ठेवतो. हा दोष यादीचा कमी आणि आपला अधिक.

ज्यांना घर मिळाले त्यांनाही एक सांगणे आहे. मिळालेल्या घराबद्दल कोणाच्या पाया पडू नका आणि कोणी टक्केवारी मागितली तर देऊ नका. कृतज्ञता वाटत असेल तर ती पुढच्या कुटुंबाच्या पायाला माती वाहून व्यक्त करा.

त्या भक्ताला एवढेच सांगितले की, वडिलांच्या घराचे छप्पर तुमच्या डोक्यावर आहे तोवर यादीतील नाव स्वतः पंचायतीत जाऊन कमी करून घ्या, आणि कोणाची गरज मोठी आहे तेही तेथेच सांगून या. परत केलेले तांदूळ कोणाच्या तरी चुलीवर शिजतातच.

शरणु शरणार्थी.