शुश्रूषा करणारीची बाजू

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याची कींव येते. वाईट वागला म्हणजे राग येतो. परंतु ज्या रोगाचें लक्षणच वाईट वागणें हें आहे, त्याच्यापुढें ही वाटणी निरुपयोगी ठरते, आणि त्या घोटाळ्याचें ओझें रोग्यापेक्षां त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसावर अधिक पडतें, असें आमचें मत आहे.

मेंदूच्या कपाळाकडील व कानशिलांकडील भागांचा हळूहळू ऱ्हास होऊन होणाऱ्या या व्याधीस डॉक्टर लोक ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ म्हणतात. प्राग येथील आर्नोल्ड पिक यानें १८९२ सालीं अशा एका रोग्याचें वर्णन केलें. म्हातारपणच्या विस्मरणाशीं तिची गल्लत करूं नये. ती बहुधा ४५ ते ६५ या वयांत येते, आणि आरंभीं स्मरण बरेंच शाबूत असतें. जातो तो संकोच, आणि जाते ती माया. बायको रडत असतां नवरा शांतपणें गूळ खात बसतो. चोरी वाईट, असें विचारल्यास सांगतो, आणि दुकानांतली वस्तु उचलून चालूं लागतो. हा रोग मागें फिरविणारें औषध अद्याप नाहीं.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखांत असा रोगी असला म्हणजे काय होत असेल, याचा विचार करावा. तोरण्याच्या आसपास वाड्या एकमेकींपासून दूर. तरणीं माणसें नोकरीसाठीं पुण्यामुंबईस. घरीं बायको, म्हातारी सासू आणि भातखाचरें. मेंदूची पारख करणारा तज्ज्ञ पुण्यास. तेथें जावयाचें म्हणजे दिवस मोडतो, आणि एस. टी.त तो शेजारच्या बाईस काय बोलेल याचा नेम नाहीं. त्यांत अलीकडे शहरच्या लोकांनीं फार्महाऊससाठीं या भागांत जमिनी घेण्याचा सपाटा लाविला आहे. असा मनुष्य वडिलोपार्जित जमीन मातीमोलानें देऊन टाकूं शकतो. १८७२ चा कराराचा कायदा या बाबतींत शहाणा आहे: व्यवहार नुसता समजून भागत नाहीं, त्यांतील आपल्या हिताहिताचा विवेकही करतां आला पाहिजे, असें तो म्हणतो. पण हें सिद्ध कोणी करावयाचें? दलालापुढें नवरा आपलें नांव, गट नंबर, मुलांचीं वयें बिनचूक सांगतो. खोटी ठरते ती बायको.

तेव्हां तिची पहिली गरज म्हणजे तिच्यावर कोणी तरी विश्वास ठेवणें. डॉक्टरानें रोगाचें नांव व लक्षणें सरळ मराठींत कागदावर लिहून द्यावीं. दुकानदार, पोलीस पाटील आणि जमिनीच्या नोंदणीची कचेरी यांना तिला तो कागद दाखवितां येईल.

यावर कोणी म्हणेल कीं, पत्नीचा धर्म निरपेक्ष सेवेचा आहे. तान्ह्या मुलाची सेवा करणारीला निदान एक हसूं मिळतें. येथें तेंही नाहीं. निष्काम कर्माचा उपदेश स्वतःस करावा तेव्हां तो थोर असतो. दुसऱ्याच्या बायकोस केला म्हणजे बहुधा आपला हात न लावण्याची ती सबब असते. गांव तिला पतिव्रता म्हणून मोकळा होतो! तिला नवऱ्याचा संताप येतो, क्वचित् त्याचा अंत व्हावा असेंही मनांत येतें. त्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं, थकवा दिसतो. भाऊबंदांपैकीं एकानें आठवड्यांतून एक दिवस रोग्याजवळ बसावें. त्या दिवशीं ती माहेरीं जावो, नाहीं तर नुसती झोपो. कोठें होतीस, असें तिला विचारूं नये.