वेड्याला वेशीबाहेर कोण ठेवतं?



प्रश्न साधा आहे. ज्या रात्री माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, त्या रात्री तो कुणाचा? घरच्यांचा, पोलिसांचा, भगताचा, की गावाचा? आपण आरक्षणावर बोलतो, अॅट्रॉसिटीवर बोलतो, बजेटवर बोलतो. ह्यावर गप्प. म्हणे ही घरगुती भानगड. मला ती घरगुती वाटत नाही. हा वेशीचा प्रश्न आहे. आणि वेस काय चीज असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्याच साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. नको असलेला राजा आणि नको असलेलं माणूस, दोघांसाठी सरकारला एकच जागा सापडली. डोंगर नि समुद्राच्या मधली, नजरेआडची. १८५८ नि १९१२ च्या कायद्यांना माणूस बरा करण्यापेक्षा तो कोंडण्याचीच काळजी जास्त होती. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. महाराष्ट्रातली ही जुनी चार मनोरुग्णालयं. त्यातल्या रत्नागिरीला मंजूर खाटा ३६५.

आता हिशोब करा. बाबासाहेबांचं आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, तिथून रत्नागिरी महामार्गाने दीडशेच्या वर किलोमीटर. खेड, परशुराम घाट, चिपळूण, संगमेश्वर. पावसाळ्याची रात्र. माणूस कपडे फाडतोय, विहिरीकडे धावतोय. शेवटची एसटी गेलेली. जीपवाला नाही म्हणतो. मग काय होतं? हातपाय बांधतात. सकाळी भगत. त्यानेही भागलं नाही तर पोलीस. डॉक्टर सगळ्यात शेवटी.

मी सूतगिरणीत आहे. रिंगखात्यात तार तुटला की तिथल्या तिथे जोडतात. बॉबिन उचलून दीडशे किलोमीटरवर नेत नाहीत. एवढी अक्कल सुतासाठी आहे, माणसासाठी नाही.

कायदा नाही असं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो म्हणतो, प्रत्येक जिल्ह्यात सरकारी सेवा पाहिजे. रस्त्यावर भरकटलेल्याला पोलिसांनी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये डांबायचं नाही. साखळीने बांधायचं नाही. घरचे नेत नाहीत म्हणून बऱ्या झालेल्याला आत सडवायचं नाही. हे कागदावर यायच्या आधी, ऑगस्ट २००१ मध्ये, तामिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळीत बांधलेली २८ माणसं जळाली. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या आश्रमातली. पळता आलं नाही, कारण पायात बेडी होती.

म्हणून मागणी अशी की तालुक्याच्या ठिकाणी चार-सहा खाटांचं संकट-केंद्र हवं. रात्रभर उघडं. नर्स, शिकलेले कार्यकर्ते, फोनवर डॉक्टर, एक गाडी. ताजमहाल मागत नाही. जिल्हा नियोजन समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते, रस्ते आणि पाखाड्या मंजूर करते. तिथेच हेही मंजूर होऊ शकतं. पण पैसा सर्वसाधारण योजनेतला पाहिजे. अनुसूचित जाती उपयोजनेला हात लावून आमच्याच ताटातलं आम्हाला वाढू नका. डोकं जात बघून फिरत नाही.

इथवर सगळे मान हलवतात. खरी गोची पुढे आहे. केंद्र बांधायचं कुठे?

गाव म्हणेल, देवळाजवळ नको, शाळेजवळ नको. मग बोट फिरत फिरत बौद्धवाडीकडे येईल. तेव्हा आपलाच एखादा तरणा पोरगा उसळून उठेल. मसण आमच्या शेजारी, कचरा आमच्या शेजारी, आता येडेही आमच्याच उरावर?

त्या पोराचं अर्धं खरं आहे. गावाला जे नको ते आमच्याकडे ढकलायचं, ही शेकडो वर्षांची रीत मोडलीच पाहिजे. केंद्र गावाच्या टोकाला नको, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच पाहिजे, जिथे बाळंतीण जाते, साप चावलेला जातो. पण दुसरं अर्धं वाक्य विषारी आहे. त्याने माणूस कचऱ्याच्या रांगेत बसवला. आपल्याला कुणी बसवलं होतं त्याच रांगेत? ‘जवळ नको, सावली नको, पोरं बिघडतील’ ही भाषा कुणाची? शब्द तेच, फक्त तोंड आपलं. विटाळ मोडला म्हणणाऱ्याने नवा विटाळ पाळायचा, हे चालणार नाही.

पटाचारेची कथा आठवा. एका प्रवासात नवरा सापाने गेला, पोरं गेली, घर कोसळून आईबाप गेले. अंगावर वस्त्र राहिलं नाही. श्रावस्तीत लोक तिच्यावर माती फेकायचे. ती जेतवनात आली तर उपासक म्हणाले, येडी आहे, येऊ देऊ नका. बुद्ध म्हणाला, येऊ द्या. तिला बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाला. गर्दीतल्या एकाने आपलं वस्त्र तिच्यावर टाकलं. आधी वस्त्र, मग उपदेश. संकट-केंद्र म्हणजे दुसरं काय? आणि लक्षात घ्या, तिला अडवणारे शत्रू नव्हते, बुद्धाचेच उपासक होते.

अजून एक. मदतीच्या नावाखाली माणसाची मर्जी तुडवली तर ते केंद्र नव्हे, कोठडीच. जीव धोक्यात असेल तर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात, पण ते दार बंद करायचा परवाना नाहीत. उलट शुद्धीवर असताना आपल्याला लिहून ठेवता येतं की अशा वेळी मला कसं वागवा, कसं वागवू नका, माझ्या वतीने कोण बोलेल. हा हक्क आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

१९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेला सगळ्यात वरची जागा दिली. स्वातंत्र्य, समता कायद्याने लिहिता येते. बंधुता शेजाऱ्याच्या दारात ठरते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा. केंद्र कुठे, पैसा कुठला, रात्री कोण, सगळं लेखी मागा. त्याआधी आपल्या गावकीच्या बैठकीत एक प्रश्न विचारा. ते झालं नाही तोवर, रात्री कुणाचा तोल गेला तर विहाराचं दार कोण उघडणार? नावं लिहून घ्या. पहिलं माझं लिहा.

जय भीम.