हंगामापुरती वई

श्रावण लागला की तात्यांच्या मांगरात फणसाच्या लाकडाचा वास कोंदून राहतो. चतुर्थीच्या आत गावाला माटव्या हव्या असतात. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगतात ती लाकडी चौकट म्हणजे माटवी. नारळ, सुपारी, कवंडळं, कांगणं, हरणं, आंब्याचे टाळ, रानात त्या दिवसांत जे म्हणून उगवलं असेल ते सगळं तिला बांधायचं. एवढं ओझं पेलायचं तर चौकट सरळ हवी आणि जोड घट्ट हवेत. वाकडी माटवी टांगली की खाली बसलेला गणपतीसुद्धा तिरका दिसतो, असं तात्या म्हणत.

त्यांची सारी हयात वाकस, रंधा आणि पटाशीवर गेली. बाबू सात वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या हातात पहिल्यांदा करवत दिली, आणि स्वतःचा हात त्याच्या कोपराखाली धरला. पोराचा हात डळमळला की तात्यांचा हात तो सावरायचा. बाबू आता चोवीस वर्षांचा झाला होता. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून आला होता, गोव्यात एका फर्निचरच्या कारखान्यात तीन वर्षं राबून आला होता. तात्यांचा हात मात्र अजून त्याच्या कोपराखालीच होता.

त्या वर्षी बाबूने साठवलेल्या पैशांतून मशीन आणलं. बाकावर मावेल एवढं लहान, मधोमध फटीतून वर आलेलं आठ इंची गोल पातं, डाव्या बाजूला मागेपुढे सरकणारं टेबल आणि उजव्या बाजूला अॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी. पट्टीची कळ सैल केली की ती हवी तिथे सरकायची, आणि हवं तर उचलून बाजूलाही ठेवता यायची.

तात्या दोन दिवस त्या मशीनकडे पाठ करूनच बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्या टेबल चालता कित्याक?"

"लाकूड आडवं कापायचं असलं की ते हाताने ढकलायचं नाही. टेबलावर ठेवायचं आणि टेबलच पुढे न्यायचं. म्हणजे लाकूड वाकडं जात नाही."

"हल्लीची थेरां."

"हल्लीची कसली! जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने सरकत्या टेबलाची करवत केली 1906 साली."

तात्यांनी मनात हिशेब केला. म्हणजे आज्याच्या काळातली. ते उठून जवळ आले आणि वाकून पाहू लागले. पात्याच्या मागे, त्याला अगदी खेटून, लोखंडाचा एक पातळ पत्रा उभा होता. बाबू सांगणार तोच तात्यांचा चेहरा उजळला. "ही पाचर!" मोठा ओंडका दोघांनी मिळून चिरताना फाट मिटून करवत अडकू नये, म्हणून मागून लाकडी पाचर ठोकत. हा पत्रा तेच काम करत होता. आपली पाचर त्या मशीनमध्ये दिसल्यावर तात्यांचं अर्धं वैर सरलं.

उरलेलं अर्धं उजवीकडच्या पट्टीने सरवलं. फळीच्या उभ्या पट्ट्या पाडायच्या होत्या. बाबूने पट्टी पात्यापासून बरोबर दीड इंचावर घट्ट केली, पातं लाकडाच्या किंचितच वर राहील असं ठेवलं, स्वतः पात्याच्या रेषेतून बाजूला उभा राहिला आणि फळी पट्टीला लावून पुढे सारली. शेवटचा वीतभर भाग त्याने हाताने नव्हे, ढकलकाठीने लोटला. पिवळा भुसा उडाला. एकामागून एक पट्ट्या निघाल्या, सगळ्या एका मापाच्या. तात्यांनी चार पट्ट्या एकमेकींवर ठेवून कडांवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठे अडला नाही.

"ही तर वई," ते पट्टीवर हात ठेवून म्हणाले. कोकणात मळ्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात ते वई. "वई आसली की ढोर शेतात शिरणा नाय, आणि लाकूड रेघ सोडणा नाय."

त्या दिवसापासून मांगरात त्या पट्टीचं नाव वईच पडलं.

दुसऱ्या दिवशी आडव्या कापाचं काम निघालं. अकरा माटव्या, आणि प्रत्येकीला नऊ-नऊ इंचांचे नऊ आडवे तुकडे. एकूण नव्याण्णव. बाबूने सरकतं टेबल पुसलं, वईची कळ सैल केली आणि ती उचलायला हात घातला.

"काढतंस कित्याक?"

"तात्या, आडव्या कापाला वई काढूक व्हयी. शिकवलंय तसं."

"आणि माप? नव्याण्णव वेळा खूण करीत बसतलस? वई नऊ इंचार लाव, लाकडाचा टोक तिका टेकव, टेबल ढकल. माप चुकूचा नाय."

"लाकूड अडकेल."

"कागदावरचा कागदार रवांदे. आधार कधी काढूचो नसता, झिला."

बाबूला कारण ठाऊक होतं. उभ्या कापात लाकडाची लांब बाजू वईला टेकून सरकते, म्हणून वई त्याला सांभाळते. आडव्या कापात लाकडाला टेबल घेऊन जात असतं. काप पुरा झाला की वई आणि पातं यांच्यामध्ये जो तुकडा सुटतो, त्याला कोणीच धरलेलं नसतं. त्याची एक कड फिरत्या पात्याला, दुसरी कड वईला. तो जरासा तिरपा झाला की दोन्हींच्या मध्ये चेपला जातो. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात मात्र वर येत असतात. तिरपा झालेला तुकडा त्या मागच्या दातांवर चढतो, आणि मग पातं त्याला कापत नाही, भिरकावतं. आठ इंची पातं मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी 170 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतात. भिरकावलेला तुकडाही समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच दिशेने येतो.

हे सगळं सांगता आलं असतं. पण तात्यांच्या शब्दापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती. बाबूने वई नऊ इंचांवर आवळली. तात्या येऊन त्याच्या मागे उभे राहिले आणि सवयीने त्याचं कोपर धरलं.

पहिला तुकडा नीट निघाला. दुसराही निघाला. सतरा तुकडे बिनबोभाट निघाले, आणि प्रत्येकाबरोबर तात्यांची मान थोडी थोडी ताठ होत गेली. "बघलंस?"

अठराव्या वेळी मोटारीचा आवाज बदलला. क्षणभर ती कण्हली. बाबूला डावीकडे सरकायचं होतं, पण त्याचं कोपर तात्यांच्या मुठीत होतं. फाट्कन आवाज झाला. तुकडा त्याच्या बरगडीला घासून, सदरा फाडून मागे गेला आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या तयार माटवीचा एक जोड फोडून खाली पडला. बाबूने चाचपडत बटण बंद केलं. पातं थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.

आई चुलीपुढून धावत आली. "लागला काय रे खंय?"

बरगडीवर लाल वळ उठला होता, त्यापलीकडे काही नव्हतं. चार बोटं अलीकडे असता तर काय झालं असतं, ते तिघांनाही कळलं होतं. तात्या मोडलेल्या माटवीपाशी बसले. तो नऊ इंची तुकडा त्यांनी हातात घेतला. एका कडेला दातांचे तिरपे, खोल ओरखडे होते. माप मात्र बरोबर नऊ इंचच होतं.

रात्री जेवणं झाल्यावरही तात्या पाटावरून उठेनात. "वईन असा कसा केल्यान?" ते स्वतःशीच म्हणाले.

आईने ताट उचलता उचलता म्हटलं, "वई तुमच्या मळ्याक कधी घालतास?"

"पीक आसताना."

"आणि कापणी झाल्यार?"

"काढतंव."

"नाय काढली तर गुरां खंय जातली?" एवढं बोलून ती भांडी घेऊन मागच्या दारी गेली. मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं. पण वई कशासाठी असते आणि कधीपर्यंत असते, हे तिला दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सकाळी तात्या मांगरात आले तेव्हा बाबू आधीच कामाला लागला होता. वई पुन्हा मशीनवर चढलेली पाहून तात्या दारातच थबकले. मग त्यांना दिसलं की या खेपेला ती नऊवर नाही, अकरा इंचांवर आहे. आणि तिच्या अलीकडच्या टोकाला, पात्याच्या बरंच आधी, दोन इंच जाडीचा एक लाकडी ठोकळा शिकंज्याने आवळलेला आहे.

"ह्या काय?"

बाबूने लाकूड सरकत्या टेबलावर ठेवलं आणि त्याचं टोक ठोकळ्याला टेकवलं. अकरातून दोन गेले, राहिले नऊ. माप मिळालं. मग त्याने लाकूड टेबलाला घट्ट धरून पुढे नेलं. पात्यापर्यंत पोहोचण्याआधीच लाकडाने ठोकळा सोडला होता. काप झाला. सुटलेल्या तुकड्याच्या बाजूला दोन इंच मोकळी जागा होती. तो जागच्या जागी शांत पडून राहिला.

तात्या तो तुकडा बघत राहिले. मग त्यांनी खिशातून आपली जुनी खतकस काढली. फळीच्या कडेला समांतर रेघ मारायचं ते लहानसं हत्यार त्यांच्या वडिलांच्या हातचं होतं, धरून धरून गुळगुळीत झालेलं. जन्मभर त्यांनी आधी खतकशीने रेघ मारली होती, आणि करवत हातात घ्यायच्या आधी तिला खिशात टाकलं होतं. कापताना खतकस लाकडावर धरून ठेवणारा सुतार त्यांनी कुठे पाहिला नव्हता. ती रेघ देते आणि बाजूला होते. एवढी साधी गोष्ट त्यांच्या खिशात कित्येक वर्षं होती.

"झिला," ते म्हणाले, "काल तुकडो एकटोच अडाकलो नव्हतो."

बाबूला आधी कळलं नाही. मग त्याची नजर स्वतःच्या कोपराकडे गेली.

तात्यांनी ठोकळ्याचा शिकंजा एकदा हलवून पाहिला, अकरा इंच स्वतः पट्टीने मोजले, पातं बंद आहे ना ते पाहून गुण्या लावून काटकोन तपासला. सगळं बरोबर होतं. मग ते मांगरातून बाहेर पडले आणि पडवीत जाऊन बसले.

आत मशीन सुरू झालं. तात्या कान देऊन ऐकू लागले. बारीक सूं, मग लाकडात शिरल्याचा भरलेला आवाज, मग पुन्हा सूं. लाकूड कुठे चेपलं असतं तर मोटार कण्हली असती. एकदा मध्येच आवाज थांबला तेव्हा ते अर्धे उठले, हात आपसूक पुढे गेला. मग त्यांना बाबू नवीन पट्टी उचलत असल्याची खडखड ऐकू आली. ते पुन्हा बसले आणि तो हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. साठीपुढच्या माणसाला हाताला काम न देता बसणं फार कठीण जातं.

दुपारी शेजारचे एक गृहस्थ आपली माटवी कधी मिळेल ते विचारायला आले. पडवीत तात्या आणि आत मशीनचा आवाज, हे पाहून त्यांना नवल वाटलं. "पोराक एकट्याक सोडलास मशीनार? कालच काय ता झाला म्हणतत."

"कालचा मी मधी होतंय म्हणून झाला," तात्या म्हणाले. "माप देवन झाला. आता पात्याकडे माझा काम नाय."

त्या चतुर्थीला अकराही माटव्या वेळेवर टांगल्या गेल्या. तात्यांच्या स्वतःच्या घरी जी टांगली, तिच्यात एक आडवा तुकडा कडेला ओरबाडलेला होता. बाबू तो बदलायला निघाला तेव्हा तात्यांनी बदलू दिला नाही. त्याच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने कवंडळ बांधलं.

जुन्या कथांच्या शेवटी तात्पर्य लिहायची पद्धत आहे, तर तेही सांगून टाकतो. उभा, लांबचा प्रवास असतो तिथे शेवटपर्यंत सोबत चालणारी वई हवीच. तिच्यावाचून लाकूड भरकटतं आणि पोरही. पण जिथे काप घेऊन वेगळं व्हायचं आहे, तिथे आधाराने माप द्यावं आणि पातं लागायच्या आधी बाजूला व्हावं.

तात्यांच्या मांगरात आता वईसाठी भिंतीत एक खुंटी आहे. ती तात्यांनीच ठोकली.