रक्ताच्या नात्यातील अमानत

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. अॅल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक स्त्री खिन्न दिसली. त्यांनी कारण विचारले. आपल्या घराण्यातील अनेकजण कर्करोगाने गेले, आपणही तशाच जाणार, असे तिने सांगितले. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच तिचे निधन झाले. डॉक्टरांनी त्या घराण्याची वंशावळ जुळवून १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिने ज्याला नशीब मानले त्यामागचे कारण उलगडायला मात्र शंभर वर्षे लागली.

पेशीचे विभाजन होते तेव्हा डीएनएच्या सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल होते. ती कितीही काटेकोर असली तरी काही ठिकाणी चुकीचे अक्षर बसतेच. हिफ्ज करणारा विद्यार्थी सबक ऐकवत असताना उस्ताद एका चुकीच्या शब्दावरही त्याला थांबवतात. पेशीतील काही प्रथिने हेच काम करतात. न जुळणारी जोडी ती ओळखतात, नव्या धाग्याचा तेवढा भाग काढून टाकला जातो आणि तेथे योग्य अक्षरे पुन्हा बसवली जातात. या व्यवस्थेचा उलगडा करणारे पॉल मॉड्रिच २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही या दुरुस्तीची मुख्य जनुके होत. प्रत्येकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम चालते. परंतु एखाद्या पेशीत तीही निकामी झाली की चुका शेकडो पटींनी साचू लागतात. पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांत त्या शिरल्या की कर्करोगाचा मार्ग मोकळा होतो. या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. मोठे आतडे आणि गर्भाशय यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. दोष असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही. पण मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

आता प्रश्न असा की, एखाद्याच्या तपासणीत हा दोष आढळला, तर ते ज्ञान कोणाचे? त्याचे एकट्याचे, की त्याच्या भावंडांचेही? आपल्या घरांत उत्तर बहुधा ठरलेले असते. मुलींची लग्ने व्हायची आहेत, लोक काय म्हणतील, झाकली मूठ सव्वा लाखाची! कोणी या मौनाला पर्दापोशीचे नाव देतात. परंतु शरीअतने झाकायला सांगितले आहे ते दुसऱ्याचे पाप आणि त्याची अब्रू. आजार हे पाप नव्हे. शिवाय, ज्या गोष्टीने सख्ख्या बहिणीचा जीव धोक्यात आहे ती तिच्यापासून लपवणे म्हणजे तिची अमानत दाबून ठेवणे होय. सिला-ए-रहमी ईदच्या भेटीपुरती नसते.

जे तकदीरमध्ये आहे ते चुकणार नाही, मग तपासणी कशाला, असेही कोणी म्हणेल. शामच्या वाटेवर प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. तपासणीही अशीच दुसरी तकदीर आहे. फिनलंडमध्ये अशा घराण्यांचा पंधरा वर्षे अभ्यास झाला. दर तीन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले. आज तर ही तपासणी याहून कमी अंतराने करण्याचा सल्ला दिला जातो.

विवाहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पती-पत्नी दोघांच्याही एकाच जनुकात दोष असेल, तर अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते आणि मग कर्करोग बालपणीच गाठू शकतो. जवळच्या नात्यातील विवाहात हा योग जुळण्याचा संभव वाढतो. असा विवाह शरीअतने वैध ठेवला आहे, बंधनकारक केलेला नाही. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी आलेल्या स्थळांविषयी विचारले, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या उणिवा स्पष्ट सांगितल्या. स्थळाविषयी खरे सांगणे ही गीबत नव्हे.

मात्र सांगण्यालाही मर्यादा आहे. ज्याच्या रक्ताशी किंवा संसाराशी या गोष्टीचा संबंध आहे त्याला ती एकांतात, डॉक्टरांच्या सल्ल्यासह सांगावी. मोहल्ल्याला तिच्याशी कर्तव्य नाही. ऐकणाऱ्याने तपासणी करून घ्यायची की नाही, हा त्याचा निर्णय आहे. आणि जी सून असा दोष घेऊन घरात आली, तिला दोषी ठरवण्याचा हक्क कोणालाही नाही. आपली जनुके कोणीही निवडून घेतलेली नसतात. कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, ही कुरआनची शिकवण येथेही लागू आहे. आपल्या हाती आहे ती फक्त वेळेवर दिलेली सूचना. ती देण्याचे धैर्य आणि ती ऐकून घेण्याचा सब्र अल्लाह आपल्या घराघरांना देवो. आमीन.